पंचफुलाबाईंचा फुटबॉल आणि मी

मित्रांनो, लग्नाच्या मांडवाबाहेर बांबूच्या टोकाला, नाहीतर निंबाच्या फांदीला तारेने बांधलेला, सदा तोंड वासून बसलेला मी एक जुना भोंगा. आजवर मी दुसऱ्यांचंच बोलणं मोठं करत आलो. मंगलाष्टकं माझ्यातून गेली, सिनेमाची गाणी गेली, निवडणुकीतली भाषणं गेली, जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं गेली. पण आज मी माझं स्वतःचं सांगणार आहे. आणि खरं सांगू? माझं स्वतःचं म्हणजे फुटबॉलचंच! माझ्या पत्र्याला अजून त्या आरोळ्यांची थरथर आठवते.

माझा जन्म नागपूरचा. एका लहान कारखान्यात कारागिरांनी पत्रा वळवला, ठोकला आणि मला हा पसरट तोंडाचा आकार दिला. वरून करड्या रंगाचा हात फिरवला. मग दुकानाच्या दारात माझ्या भावंडांबरोबर मला टांगलं. कुणी देवळावर गेला, कुणी सिनेमाची जाहिरात करत फिरणाऱ्या टांग्यावर गेला. मला घ्यायला आले ते रूपराव. चौऱ्याहत्तर साल होतं ते.

रूपराव जामचे. जाम म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्यातला मोठा चौरस्ता. नागपूरहून हैदराबादकडे जाणारे ट्रक इथे थांबतात, चहा पितात, टायरला हवा भरतात आणि पुढे जातात. रूपरावांची घरची शेती होती, आणि चौरस्त्यावर एका खोलीत ‘रूपराव लाउडस्पीकर सर्व्हिस’ होती. आवाजाचा धंदा करणारा हा माणूस स्वतः मात्र फार कमी बोलायचा. मांडवात कुणी विचारलं, ‘रूपराव, आवाज बरोबर आहे का?’ तर ते नुसती मान हलवायचे. त्यांच्या वाट्याचं सगळं बोलणं त्यांच्या बायकोने घेतलं होतं. तिचं नाव पंचफुला.

पंचफुलाबाई हिंगणघाटच्या. त्यांचे वडील तिथे गिरणीत कामाला होते. पाळी संपली की गिरणीतले कामगार मैदानावर फुटबॉल खेळायचे, आणि लहानगी पंचफुला मैदानाच्या कडेला उभी राहून बाहेर आलेला बॉल परत आत लाथाडायची. लग्न होऊन त्या जामला आल्या, त्या फुटबॉलचं वेड घेऊनच आल्या. खोलीच्या बाहेर एक बाक होतं. त्यावर बसून त्या रेडिओवर कलकत्त्याच्या मॅचचं वर्णन ऐकायच्या. बंगालचा, केरळचा ट्रकवाला थांबला की त्याला विचारायच्या, “काय भाऊ, तुमच्याकडं कोण जिंकलं?” आणि मग त्याच्याशी तोडक्यामोडक्या हिंदीत भांडायच्या. निघताना ट्रकवाला हसत हात हलवायचा. पुढच्या फेरीला तो मुद्दाम आमच्याच बाकाशी थांबायचा.

बाईंना मत नाही असा विषय नव्हता. आणि सगळी मतं त्या फुटबॉलच्या मैदानावरूनच मांडायच्या. भारताने आकाशात उपग्रह सोडला, त्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “लय चांगलं झालं बाप्पा! आता वरून पाहून सांगा म्हणा, वर्ध्याची एस्टी कुठं अडून राह्यली.” हॉकीवाले आता प्लास्टिकच्या गवतावर खेळतात असं कुणी पेपरात वाचून दाखवलं, तर त्यांचा विश्वासच बसेना. “प्लास्टिकचं गवत? बकरीबी तोंड नाई लावणार त्याले. ज्या मैदानात बकरी चरत नाई, ते कायचं मैदान?” क्रिकेटचा तर त्यांना भारी राग. “पाच दिवस खेळतेत, अन् निकाल नाई! तेवढ्यात आमचं अर्धं वावर वेचून होते.”

ही सगळी मतं त्या बाकावर बसून सांगायच्या आणि मी आत खुंटीला टांगलेला ऐकायचो. मनात यायचं, या बाईचा आवाज माझ्यातून गेला तर!

तो दिवस सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात उगवला.

संक्रांतीनंतर जामला फुटबॉलचे सामने व्हायचे. कापूस घरी आलेला असायचा, तूर वाळत असायची, आणि चौरस्त्यामागच्या पडीक जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या जायच्या. आजूबाजूच्या गावांचे संघ यायचे. कमिटीचे अध्यक्ष बापूराव. मोठे शेतकरी, स्वभावाने तापट, पण सामन्यांसाठी जीव टाकणारे. मैदानाच्या कडेला एक बैलगाडी उभी करायची, तिच्यावर माइक घेऊन बोलणारा बसायचा आणि बाजूच्या बांबूवर मी.

त्या वर्षी वर्णन करणारे पाहुणे आलेच नाहीत. त्यांची एस्टी वाटेत बंद पडली होती. दोन्ही संघ मैदानात उतरले, लोक शिट्ट्या मारू लागले. शेवटी बापूरावांनी स्वतः माइक हातात घेतला.

“बॉल इकडे गेला,” बापूराव म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “बॉल तिकडे गेला.”

पंचफुलाबाई गाडीजवळच बॅटरीपाशी बसल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ सोसलं. मग त्या उठल्याच. “बापूरावजी, इकडं गेला अन् तिकडं गेला ते आम्हालेबी दिसून राह्यलं! कोणं मारला, काऊन मारला, ते सांगा ना!”

लोक हसले. बापूराव लालबुंद झाले. “मंग तूच सांग, बाई!” असं म्हणून त्यांनी माइक पुढे केला. त्यांना वाटलं, बाई लाजेल आणि खाली बसेल.

बाई गाडीवर चढल्या. पदर खोचला.

“हॅलो, हॅलो! मायबापहो, मी पंचफुला बोलून राह्यली, लाउडस्पीकरवाल्या रूपरावच्या घरची. बॉल आता मधात हाये. आपल्या जामच्या पोरायनं घेतला, पण मंडळी, घाई करून राह्यले! अरे, पास दे, पास दे, एकटा कुठं जातं? गेला! गेला तो बॉल बाभळीत! तिकडं गोलात आपला हिरालाल उभा हाये. माझा दीर हाये म्हणून नाई सांगत, पण गोठ्याच्या फाटकासारखा आडवा होते तो!”

मैदानावर हशा उठला, मग टाळ्या. रूपराव मशीनपाशी बसले होते. त्यांनी फक्त बटण फिरवून माझा आवाज वाढवला.

मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं की माझं तोंड एवढं मोठं कशासाठी केलेलं आहे!

त्यानंतर सामने म्हटले की पंचफुलाबाई, हे ठरूनच गेलं. तळेगावहून बोलावणं आलं, हिंगणघाटहून आलं. रूपराव मला पोत्यात गुंडाळून एस्टीच्या टपावर बांधायचे आणि आम्ही तिघं निघायचो. काही लोक तर बॉलकडे पाहतच नसत, बाईंचं बोलणं ऐकायलाच येत. कारण खेळ जरा थंडावला की बाई आपली मतं सुरू करायच्या.

“तोपर्यंत सांगतो मंडळी, त्या टीव्हीच्या नादी लागू नका. नागपूरले माझ्या बहिणीकडं पाह्यला मी. बॉल वाटाण्याएवढा दिसते! अन् घाम नाई, धुरळा नाई, शिव्या नाई. असा कुठं फुटबॉल असते का?”

भारतातला माणूस अंतराळात गेला त्या वर्षी त्यांनी मैदानातून सगळ्यांना सवाल टाकला होता. “तिकडं वर म्हणे वस्तू खालीच पडत नाई. मंग तिथं बॉल बाहेर गेला तं थ्रो-इन कोण टाकन?” लोक दिवसभर या प्रश्नावर वाद घालत बसले.

त्यांची मतं चुकायचीसुद्धा. त्र्याऐंशी साली त्यांनी भर चौरस्त्यावर सांगून टाकलं होतं की आपले क्रिकेटवाले विलायतेहून हात हलवत येणार. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे! पोरांनी त्यांच्या दारात फटाके लावले. बाई बाहेर आल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, “हारली बापा, मी हारली! आना तो पेढा इकडं.” चूक कबूल करताना त्या बरोबर असतानाइतक्याच मोठ्याने बोलायच्या. म्हणून तर लोकांचा त्यांच्यावर जीव होता.

आता मी त्या सामन्यावर येतो.

साल शहाऐंशी, जानेवारी महिना. त्या वर्षी गिरडकडच्या जंगलपट्टीतल्या एका लहान गावाचा संघ आला होता. आदिवासी पोरं ती. बरीचशी अनवाणी खेळायची. त्यांचा कप्तान पुनाजी, काटक अंगाचा आणि वाऱ्यासारखा पळणारा. आधी कुणी त्यांना मोजलंच नाही. पण त्यांनी एकामागून एक संघ हरवले आणि थेट जामसमोर फायनलला येऊन उभे राहिले!

जामला कितीतरी वर्षांत विजेत्यांची ढाल मिळाली नव्हती. बापूरावांनी मिरवणुकीसाठी बँड सांगून ठेवला होता. मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. ट्रकवाले ट्रकच्या टपावर बसले होते. आणि आमच्या बाई! त्या तर जामच्या पक्क्या. त्यांचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की माझ्या पत्र्याला मुंग्या येत होत्या.

“पुनाजी निघाला! अरे पकडा त्याले, तो पोरगा नाई, ससा हाये! गेला, गेला... हिरालाल! वा रे माझ्या भाऊजी! झेलला! झेलला मंडळी!”

संपत आलं तरी कुणाचाच गोल नव्हता. ऊन कललं होतं. आमची बैलगाडी जामच्या गोलाच्या रेघेला अगदी लागून उभी होती. तेवढ्यात पुनाजीने दोघांना चुकवलं आणि खाली, कोपऱ्यात, जमिनीलगत लाथ मारली. हिरालालने उडी घेतली. बॉल त्याच्या बोटांखालून गेला, दोन खांबांच्या आतून गेला, आणि गोलाला बांधलेल्या जुन्या जाळ्याच्या फाटक्या कोपऱ्यातून मागे निघून तुरीच्या काड्यांत जाऊन पडला.

“गोऽ...” बाईंचा अर्धा शब्द माझ्यातून गेला आणि थांबला.

कारण रेफ्री नानाजी लांब होते. शाळेत कवायत शिकवणारे, सरळ माणूस. पण मध्ये खेळाडूंची गर्दी आणि समोरून सूर्य डोळ्यांवर. त्यांनी बॉल जाळ्याच्या मागे पडलेला पाहिला आणि हात केला. गोल नाही, बॉल बाहेर!

पुनाजी धावत नानाजींकडे गेला. “साहेब, आतून गेला! जाळं फाटलं हाये, पाहा ना!”

नानाजींनी हिरालालला विचारलं, “खरं सांग, कुठून गेला?”

हिरालालने मैदानाभोवतीची ती सगळी माणसं पाहिली. कोपऱ्यात वाट पाहत उभा असलेला बँड पाहिला. खाली मान घालून तो म्हणाला, “बाहेरून गेला.”

बापूराव गाडीशी आले. “पंचफुला, सांगून टाक. बॉल बाहेर. खेळ पुढं चालू होऊ दे.”

बाई माइक धरून नुसत्या उभ्या होत्या. मित्रांनो, मी भोंगा आहे. शांतता माझ्या वाट्याला फार कमी येते. पण त्या क्षणी अख्खं मैदान माझ्याकडे तोंड करून उभं होतं आणि माझ्यातून फक्त बारीक खरखर येत होती.

मग बाई बोलल्या. नेहमीच्या आवेशात नाही, हळू.

“मायबापहो, गोल झाला. मी इथं उभी हाये, रेघेवर. बॉल आतून गेला अन् फाटक्या जाळ्यातून निघाला. मी जामची हाये. जाम जिंकावं म्हणून मी देवाले नारळ बोलली. पण म्या पाह्यलं ते पाह्यलं. गोल झाला.”

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग एकदम कल्लोळ उठला. “उतरवा तिले!” “घरभेदी!” बापूराव मशीनकडे वळले आणि ओरडले, “रूपराव, वायर काढ!”

रूपरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते मशीनच्या आणि बॅटरीच्या मधोमध मांडी घालून बसले आणि वायरीवर हात ठेवून म्हणाले, “नाई काढत.”

दगड आला तो तेव्हाच. बाईंना लागायचा, तो मला लागला. माझी कड आत दबली आणि मी बांबूवर गरकन फिरलो. दुसरा दगड गाडीच्या चाकावर आदळला. नानाजींनी जोरात शिट्टी मारली, चार शहाण्या माणसांनी लोकांना मागे रेटलं. पण नानाजी तरी काय करणार? त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं आणि गोलकीपर नाही म्हणत होता. निकाल तोच राहिला. खेळ सुरू झाला, आणि शेवटी शेवटी जामने एक गोल केला.

ढाल जामला मिळाली. बँड वाजला. पुनाजी आणि त्याची पोरं आपले कपडे गोळा करून चालत निघून गेली. बाई गाडीवरून उतरल्या, माझ्या दबलेल्या कडेवरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, “लागलं का रे लय?”

त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. कमिटीने सांगितलं, पुढल्या वर्षी माइक बाईंना नाही. गावातल्या लग्नांना दुसरा लाउडस्पीकर येऊ लागला, चौकोनी पेट्यांचा. मी खुंटीवर धूळ खात टांगलेला. हिरालाल शेजारच्याच घरात राहायचा, पण वहिनीशी बोलणं त्याने टाकलं. बाई दारात दिसल्या की तो मागच्या वाटेने निघून जायचा. सणाला बाईंनी त्याच्यासाठी पुरणपोळी पाठवली, ती तशीच परत आली. त्या दिवशी बाईंनी क्रिकेटबद्दलसुद्धा काही मत दिलं नाही.

आणि मग उन्हाळा सरता सरता मेक्सिकोतला वर्ल्ड कप आला! चौरस्त्यावरच्या हॉटेलात तोवर टीव्ही आला होता. टीव्हीला नावं ठेवणाऱ्या आमच्या बाई पहिल्या दिवसापासून त्याच्यासमोर हजर! “काय करता,” त्या म्हणाल्या, “वाटाण्याएवढा का होईना, बॉल तं हाये!” मॅच आपल्याकडे अपरात्री दिसायच्या, आणि सगळं वर्णन इंग्रजीत. गावातल्या लोकांना ना जागणं जमायचं, ना ते समजायचं. मग एके दिवशी सकाळी रूपरावांनी कुणाला न विचारता मला खुंटीवरून काढलं, रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि खोलीवरच्या बांबूला बांधलं. माइक बायकोच्या हातात दिला.

“सांग,” ते म्हणाले. “मलेबी ऐकाचं हाये.”

आणि बाई सुरू झाल्या! रात्री पाहिलेली अख्खी मॅच त्यांनी सकाळी चौरस्त्यावर पुन्हा खेळून दाखवली. पेरणीला निघालेली माणसं बैल थांबवून उभी राहिली. एस्टीचा कंडक्टर घंटी द्यायचा विसरला. रोज सकाळी हेच. रागावलेलं गाव हळूहळू बाकाभोवती जमू लागलं.

अर्जेंटिना आणि इंग्लंडच्या मॅचची सकाळ मी कधी विसरणार नाही.

“तो अर्जेंटिनाचा बुटका गडी उडाला,” बाई सांगत होत्या, “अन् हातानं ढकलला बॉल! हातानं, मंडळी! रेफ्रीले नाई दिसलं. गोल देऊन टाकला. मंग थोड्या वेळानं त्याच गड्यानं असा गोल केला का काय सांगू! अर्ध्या मैदानातून निघाला, एकाले चुकवलं, दुसऱ्याले चुकवलं, गोलकीपरलेबी बसवला! माझ्या अंगावर काटा आला. त्या गोलासाठी मी त्याचे पाय धुवीन. पण मले रात्रभर एकच वाटून राह्यलं. एवढा मोठा खेळाडू. त्याले हाताची काय गरज होती? लोक नाचतीन, फोटो छापतीन. पण जवा तो एकटा बसन, तवा त्याले कोणता गोल आठवन?”

बाकाच्या पलीकडे, निंबाखाली, हिरालाल चहाचा ग्लास हातात घेऊन उभा होता. बाईंना तो दिसत नव्हता. मी उंचावर होतो, मला दिसत होता. त्याने ग्लास न पिताच खाली ठेवला आणि तो निघून गेला.

सत्त्याऐंशीचा जानेवारी आला. पुन्हा चुन्याच्या रेघा, पुन्हा संघ. भोंगा आमचाच होता, कारण चौकोनी पेट्यांचा आवाज उघड्या मैदानावर पोचत नव्हता. पण माइक शहरातून आलेल्या एका पाहुण्यांकडे होता. बाई लोकांत बसल्या होत्या. पहिलीच मॅच जाम आणि पुनाजीचा संघ. पुनाजी आला होता! मागल्या वर्षी जे झालं त्यानंतरही आला होता.

शिट्टी वाजायच्या आधीच हिरालाल गोल सोडून चालू लागला. सगळं मैदान ओलांडून तो गाडीशी आला आणि त्याने पाहुण्यांकडे हात केला. पाहुण्यांनी गोंधळून माइक दिला. हिरालालला माइकवर बोलायची सवय नव्हती. त्याचा श्वासच आधी माझ्यातून गेला.

“मी हिरालाल,” तो म्हणाला. “मागच्या वर्षी पुनाजीचा गोल आतून गेलता. मले माहीत होतं. माझ्या बोटाले लागून गेलता. मी खोटं बोललो. वहिनी खरं बोलली.”

बापूराव खुर्चीवरून उठले. मग त्यांनीच माणूस पाठवून ढाल मागवली आणि स्वतःच्या हाताने ती पुनाजीपुढे धरली.

पुनाजीने ढालीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो हिरालालला म्हणाला, “ढाल नको, भाऊ. मॅच पाह्यजे. आमच्या गावात या. अन् बोलाले ही बाई पाह्यजे.”

पंचफुलाबाई पदराने डोळे पुसत होत्या. हिरालाल त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. “वहिनी...” एवढंच तो म्हणाला. बाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. “जाय आता, गोलात उभा राह्य! तिकडं गोल मोकळा पडला ना!”

पुढच्याच रविवारी आम्ही ट्रकमध्ये बसून निघालो. अख्खं जाम निघालं म्हणा ना! पुनाजीचं गाव टेकडीच्या पायथ्याशी. मैदान एका बाजूला उतरतं, कडेला मोहाची मोठी झाडं. मला मोहाच्याच फांदीवर बांधलं. काय ती मॅच, मित्रांनो! पुनाजीने गोल केला, जामने फेडला. बाई दोन्ही बाजूंनी ओरडत होत्या. कुणाची बाजू घ्यायची हे त्या पार विसरून गेल्या होत्या. आणि अर्धा खेळ होतो न होतो तोच त्यांचा आवाज बसला. नुसता वारा येऊ लागला.

त्यांच्या शेजारी पुनाजीची बायको जिजा बसली होती. तिच्या गावच्या पोरांची नावं बाई चुकीची घेत, तेव्हा ती हळूच दुरुस्त करून द्यायची. बाईंनी माइक तिच्या हातात ठेवला.

“मले तुमच्यावानी नाई जमत,” जिजा घाबरून म्हणाली.

“माझ्यावानी कोणं म्हटलं? तुले दिसते ते सांग.” बाईंचा घोगरा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

“आमच्या बोलीत बोलू?”

“मंग! भोंग्याले कोणतीबी बोली चालते.”

खरंच सांगतो, माझ्यातून मराठी गेली होती, हिंदी गेली होती, भटजींचं संस्कृत गेलं होतं. पण ही बोली माझ्यातून कधी गेली नव्हती. जिजाने पहिलं वाक्य उच्चारलं आणि मला ते एकदम नव्या पाण्यासारखं लागलं. मोहाखाली म्हाताऱ्या बाया पाठ टेकून बसल्या होत्या. मैदानावर चाललेलं त्यांना त्यांच्या बोलीत कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यातली पुनाजीची आई, भागाबाई, दचकून उठली, वर माझ्याकडे पाहू लागली. जिजा पुढचं बोलली. भागाबाई खदखदून हसली आणि तिने बाजूच्या बाईला हाताला धरून उठवलं. मग सगळ्याच उठल्या. जिजाचा धीर वाढला, आवाज वाढला. रूपरावांनी बटण पूर्ण फिरवलं. ती काय बोलत होती ते जामच्या लोकांना कळत नव्हतं, तरी तेही पुढे सरकून ऐकत होते. आणि शेवटी पुनाजीने हिरालालच्या डाव्या बाजूने बॉल असा मारला, की जिजाने ओरडलेला शब्द टेकडीखालच्या प्रत्येक माणसाला कळला.

“गोऽऽऽल!”

हिरालालने तो गोल पाहिला, आणि सगळ्यात आधी त्यानेच हात वर केला.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. गावात असा एखादा जुना भोंगा असेल तर त्याला भंगारात घालू नका. पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवा, तोंड पुसत जा, वायर कुरतडली गेली का ते पाहत जा. एवढ्या काळजीत तो पुष्कळ वर्षं काम देतो. आणि कधी माइक तुमच्या हातात आला, तर खुशाल ओरडा, मतं द्या, चुकाही! फक्त बोलून झालं की माइक घरी नेऊ नका. शेजारी जो इतका वेळ गप्प बसला आहे, त्याच्या हातात द्या. त्याला काय दिसलं, ते मला ऐकायचं आहे.